इंदूरच्या मंडळीत, नाताळापर्यंत

आमच्या नगरच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, इंदूरच्या एका मंडळीशी जुनी ओळख आहे. तिथल्या पाळकसाहेबांनी उन्हाळ्यातच विचारलं होतं. त्यांच्याकडे सत्तरीपुढची बरीच माणसं एकटी राहतात, मुलं पुण्याला, बंगळूरला, काही थेट कॅनडात. नोव्हेंबरअखेरपासून नाताळापर्यंत कोणी येऊन घरोघरी बीपी-शुगर बघेल का, औषधांचा मेळ घालून देईल का? मी सरकारी नोकरीतून निवृत्त झालेली नर्स. मोडकंतोडकं हिंदी येतं, थंडीचं भय नाही, घरची अडचण नाही. मी हो म्हटलं.

गुरुवारची रात्र, शुक्रवारची सकाळ

नगरहून रात्रीची स्लीपर बस धरली. मनमाड, मालेगाव, धुळे झोपेतच गेलं. मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरच्या रेल्वेमार्गाला सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली आहे, पण तो होईपर्यंत आपल्या भागातून बसच सोयीची. जाग आली ती खलघाटच्या पुलावर. अजून उजाडायचं होतं. पलीकडच्या सीटवरच्या शिरपूरच्या बाई उठून बसल्या, खिडकी सरकवली, नर्मदेत नाणं टाकलं आणि हात जोडले. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ताई, आता शाल काढा. घाट चढला की गार लागंल." बरोबरच होतं त्यांचं. मानपूरचा घाट चढून बस माळव्याच्या पठारावर आली आणि खिडकीच्या फटीतून येणारं वारं बोचायला लागलं.

इंदूरला पाळकसाहेब स्वतः घ्यायला आले होते. खोली चर्चच्या कंपाउंडमध्येच होती, जुन्या बंगल्यामागे. उंच छत, जाड भिंती, एक खाट, एका शेगडीचा गॅस, आणि दारापुढे चिंचेचं झाड. सामान टेकवलं न टेकवलं तोच पाळकबाई म्हणाल्या, "पहले पोहा खाके आते हैं, बाद में सब."

इंदूरच्या पोह्यांबद्दल थोडं सांगायलाच हवं. आपण फोडणीत कांदा परततो, शेंगदाणे घालतो, झाकण ठेवून एक वाफ आणतो. इथे पातेल्यात पाणी उकळत असतं आणि त्यावर पोह्यांची मोठी परात ठेवलेली असते, त्यामुळे सकाळभर ते मऊ आणि गरम राहतात. बडीशेप असते आणि किंचित साखर. कांदा कच्चा, वरून. त्यावर शेव, मग जीरावन नावाचा आंबट-तिखट मसाला, लिंबू, कधी डाळिंबाचे दाणे. आणि शेजारी गरम जिलबी. एक घास पोहे, एक तुकडा जिलबी, अशी सगळा गाव उभ्याने न्याहारी करत असतो. मला ते फार आवडलं. शेव आणि जीरावन यांच्याशी पुढे माझं वेगळं काम निघणार होतं.

शनिवार

नवीन गावात आधी तीन गोष्टी समजून घ्याव्या लागतात: पाणी कधी येतं, कचरा कुठे टाकायचा, आणि दूध-भाजी कुठून आणायची. बाकी सगळं आपोआप कळत जातं.

आमच्या भागात नळ एक दिवसाआड. हे पाणी नर्मदेचं. महेश्वरच्या बाजूला मंडलेश्वरजवळ जलूद आहे, तिथून ते पंपांनी सत्तरेक किलोमीटर लांब आणि पठारावर चढवून इंदूरला आणतात. १९७८ मध्ये हे पाणी शहरात पोचलं. कंपाउंडमधली जुनी माणसं त्याआधीच्या टंचाईच्या गोष्टी अजून सांगतात. इथे लोक बोलताना "नर्मदा आ गई" असंच म्हणतात. पहाटे कोणीतरी हाक मारली, "सिस्टर, नर्मदा आ गई, बाल्टी लगा लो!" आणि कंपाउंडभर भांड्यांचा आवाज सुरू झाला. बाकी वापराला बोअरचं पाणी असतं, ते जड आहे, डाळ शिजत नाही. प्यायचं पाणी मी सगळे दिवस उकळूनच प्यायले आणि माझ्या पेशंटांनाही तेच सांगत राहिले.

कचऱ्याचं इंदूर खरोखर मनावर घेतं. सकाळी लाउडस्पीकरवर गाणं लावत पिवळी गाडी येते आणि तिला वेगवेगळे कप्पे असतात: ओला, सुका, प्लास्टिक, ई-कचरा, घरातला घातक कचरा आणि सॅनिटरी कचरा. शेजारच्या मुलीने माझ्या खोलीत डबे लावून दिले आणि वर हिंदीत चिठ्ठ्या डकवल्या. २०१७ पासून हे शहर देशात स्वच्छतेत वरचं राहिलंय ते अशा मुलींमुळे. ओल्या कचऱ्यापासून देवगुराडियाच्या प्रकल्पात बायो-सीएनजी बनतो. हा प्रकल्प फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला, रोजची क्षमता ५५० टनांची, आणि त्या गॅसवर सिटी बस चालतात. माझ्या कामात सुया आणि शुगरच्या पट्ट्या निघायच्या. त्या मी झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या बरणीत साठवून, बंद करून, घातक कचऱ्याच्या कप्प्यात द्यायचे. गाडीवरच्या भावाने पहिल्या दिवशी बरणी हलवून बघितली, "सुई है ना? अलग रख दूँगा" म्हणाला आणि खरंच बाजूला ठेवली.

रविवार

उपासना हिंदीत. दारातच "जय मसीह की" म्हणत प्रत्येकाने हात हातात घेतला. आपल्याकडचं "सलाम" माझ्या तोंडून निघालं तेव्हा मागच्या बाकावरून दोन-तीन म्हाताऱ्या बायकांनी माना वळवल्या. उपासना संपल्यावर त्या मला घेरूनच उभ्या राहिल्या. एकीचं माहेर जालन्याचं, एकीचं नाशिकजवळचं. लग्न होऊन आलेल्याला पन्नास वर्षं होऊन गेली होती. त्यांचं मराठी अजून शाबूत आहे, फक्त मधूनच "मतलब" आणि "अपन" येतं. होळकरांमुळे इंदुरात मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. रामबागेत गेलात तर दुकानदार सहज मराठीत बोलतात. पण या बायकांना मराठी बोलायला मिळतं ते मुलींशी फोनवर आणि प्रार्थनेत. जालन्याच्या मावशी म्हणाल्या, "प्रार्थना मी मराठीतच करते गं. हिंदीत मला रडू येत नाही."

पाळकसाहेबांनी मंडळीपुढे माझी ओळख करून दिली आणि दुपारी कार्यालयात बसवून नियम सांगितले. ते इथे लिहिते, कारण चर्चच्या कामाला दुसऱ्या राज्यात जाणाऱ्याने ते समजून घ्यायलाच हवेत. मध्य प्रदेशात धर्मांतराबाबतचा २०२१ चा धर्मस्वातंत्र्य कायदा आहे आणि तो कडक आहे. माझं काम मंडळीच्या नोंदलेल्या कुटुंबांत आणि रुग्णालयात चहा-खिचडी देण्याच्या सेवेत. कोणाला पत्रक द्यायचं नाही, बाहेरच्या घरी बोलावलं तरी पाळकसाहेबांना विचारल्याशिवाय जायचं नाही, रोज कुठे गेले ते वहीत लिहायचं. आधार कार्डाची प्रत, एक फोटो आणि आमच्या पाळकांचं पत्र पहिल्याच दिवशी दिलं होतं, कारण राहणाऱ्याची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी लागते. परदेशातून कोणी नातेवाईक अशा कामाला येणार असेल तर पर्यटक व्हिसावर येऊ नये, आधी चौकशी करावी. हे नियम मला जाच वाटले नाहीत. उलट कुठे उभं राहायचं हे स्पष्ट असलं की काम मोकळ्या मनाने होतं.

सोमवार, मंगळवार

पहिल्या घरापासूनच एक पेच पडला. बीपी मोजण्याची रीत ठरलेली आहे. माणसाला पाच मिनिटं शांत बसू द्यायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या उंचीवर. मोजताना बोलायचं नाही. आधी अर्धा तास चहा नको. पट्टा उघड्या दंडावर, स्वेटरवरून नाही. आता इंदूरच्या थंडीत दोन स्वेटर आणि शाल घालून बसलेल्या, आठवडाभर बोलायला माणूस नसलेल्या, आणि दारातच चहा घेऊन उभ्या असलेल्या आजोबांना यातलं काय काय सांगायचं?

हे आजोबा छावणी नावाच्या भागात राहतात. इंदूर ख्रिश्चन कॉलेजात त्यांनी भूगोल शिकवला. १८८७ मध्ये स्थापन झालेलं ते कॉलेज, किशोर कुमार तिथे शिकले. आजोबांच्या खोलीत टेबलावर बायबल, चष्म्याची डबी, औषधांची पिशवी आणि लवंगी शेवेची काचेची बरणी, असं सगळं हाताच्या अंतरावर. मी मशीन काढलं तर म्हणाले, "सिस्टर, आधी तुम्हाला सांगतो, तुमच्या धंद्याची पहिली बाई इथे कोण आली ते." आणि सांगायला लागले. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचं काम इंदुरात १८७७ मध्ये सुरू झालं. १८८४ मध्ये डॉ. एलिझाबेथ बीटी आल्या. पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरला नाडी दाखवायला तयार नव्हत्या, त्यांच्यासाठी ही तरुण डॉक्टर कॅनडाहून आली आणि घरोघरी जायला लागली. "तुम्ही तेच करताय," आजोबा म्हणाले. मला क्षणभर काही बोलता आलं नाही.

मी मनाशी क्रम ठरवला तो त्या दुपारी. आधी बोलू द्यायचं, पोटभर. मग, "आता पाच मिनिटं दोघंही गप्प बसू या," असं म्हणून घड्याळ समोर ठेवायचं. मग दोनदा मोजायचं. चहा शेवटी. अशाने दिवसाला ठरवलेल्या घरांपैकी निम्मीच व्हायची, पण आकडे खरे यायचे. आजोबांचं बीपी धावत्या तपासणीत बरंच वर असायचं, ते गप्प बसल्यावर चांगलं वीस अंकांनी खाली आलं. कित्येकांच्या औषधाचा डोस अशाच घाईच्या आकड्यावर वाढवलेला असतो. मी औषधाला हात लावला नाही. सगळे आकडे तारीख-वेळेसह कागदावर लिहून दिले आणि म्हटलं, हा कागद डॉक्टरांना दाखवा.

शेवेचं काय? जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसाला मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक चमचा. इंदुरात पोह्यावर शेव, भाजीत शेव, जेवताना तोंडी लावायला शेव. जीरावनात तर काळं मीठच असतं. "शेव बंद करा" म्हटलं असतं तर आजोबांनी मान हलवली असती आणि मी वळल्यावर बरणी उघडली असती. मी त्यांच्या स्वयंपाकघरातली सगळ्यात लहान वाटी मागितली, देवाच्या नैवेद्याला असते तेवढी, आणि ती बरणीच्या तोंडावर पालथी ठेवली. दिवसाला ही एक. ती त्यांनी मान्य केली आणि दुसऱ्या आठवड्यात मला अभिमानाने दाखवली.

बुधवार

दर बुधवारी मंडळीतल्या बायका एमवाय रुग्णालयाजवळ पेशंटच्या नातेवाइकांना चहा आणि खिचडी देतात. महाराजा यशवंतराव रुग्णालय हे त्याचं पूर्ण नाव. धार, झाबुआ, अलीराजपूर, खरगोन, बडवानी, सगळ्या पश्चिम मध्य प्रदेशातली गरीब माणसं शेवटी इथे येतात आणि नातेवाईक बाहेर फुटपाथवर पथारी टाकतात. रात्री पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा ती गरम खिचडी नुसतं पोट भरत नाही.

बुऱ्हाणपूरकडची एक बाई भेटली. मुलगा आत, सून बाळंतीण, हिचं सगळं एकटीवर. माझं मराठी ऐकून ती बिलगलीच. पदराच्या गाठीतून तिने गोळ्यांच्या पट्ट्या काढल्या, चार रंगांच्या. "सांगितलं त्यांनी, पन मला ऱ्हायलं न्हाई ध्यानात." चिठ्ठी वाचली. खिचडीच्या कागदी पिशव्या होत्या, त्यातल्या चार घेतल्या. सकाळच्या गोळीच्या पिशवीवर उगवता सूर्य, दुपारच्यावर डोक्यावरचा सूर्य, रात्रीच्यावर चंद्र. जेवणानंतरची असेल तर सूर्याखाली भाकरीचा गोल, उपाशीपोटी असेल तर रिकामी ताटली. गावाकडच्या दवाखान्यात मी वर्षानुवर्षं हेच काढलं होतं. तिने प्रत्येक पिशवीवरून बोट फिरवून मला परत सांगितलं: ही उठल्यावर, ही भाकर खाऊन, ही झोपताना. एकही चुकली नाही. तोवर आजूबाजूची माणसं आपापल्या पट्ट्या घेऊन पुढे आली होती. पुढच्या बुधवारी आम्ही खिचडीच्या भांड्याशेजारी एक स्टूल मांडला, फक्त या कामाला.

असं काम करणाऱ्यांनी तीन गोष्टी जवळ ठेवाव्या: पक्क्या शाईचं मार्कर, छोट्या कागदी पिशव्या, आणि पेशंटची मूळ चिठ्ठी मागण्याची सवय. चिठ्ठी नसेल तर अंदाजाने चित्र काढू नये, आत पाठवावं.

शनिवार

शेजारच्या कॅथलिक कुटुंबाने उदयनगरला नेलं. देवास जिल्ह्यातलं हे आदिवासी भागातलं गाव. सिस्टर राणी मारिया इथे काम करायच्या. केरळच्या, क्लॅरिस्ट या नन्सच्या संस्थेतल्या. सावकाराच्या कर्जात पिढ्यान्‌पिढ्या अडकलेल्या शेतमजुरांना त्यांनी बचत आणि बँकेचा रस्ता दाखवला. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला येणाऱ्या बसमध्ये त्यांना भोसकून मारलं. त्यांच्या बहिणीने पुढे तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदुरात सिस्टर राणी मारियांना धन्य, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित करण्याचा सोहळा झाला. समाधीपाशी एक आदिवासी म्हातारी बसली होती. तिला विचारलं, सिस्टरला ओळखायचात? ती म्हणाली, "मेरा नाम लिखना उसने सिखाया." आणि धुळीत बोटाने लिहून दाखवलं.

परतताना कोणी फारसं बोललं नाही, पण रात्री यजमानांची मुलं हट्टाला पेटली की सिस्टरला, म्हणजे मला, सराफा दाखवायचाच. राजवाड्याच्या मागे दिवसभर सोन्याचांदीची दुकानं, आणि ती मिटली की त्याच ओट्यांवर खाण्याचा बाजार, मध्यरात्र उलटेपर्यंत. हिवाळ्यात गेलात तर गराडू चुकवू नका. कंदाचे तुकडे खरपूस तळून वर मसाला आणि लिंबू. भुट्ट्याचा कीस दुधात शिजवलेला असतो, तो सौम्य, म्हाताऱ्यांनाही चालतो. थंडीत उघड्यावर उभं राहून गरम गराडू खाताना मागे होळकरांचा राजवाडा दिसतो, खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. नगरच्या माणसाला तिथे परकं वाटत नाही.

नाताळाचे दिवस

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून कॅरल, म्हणजे नाताळची गाणी, सुरू झाले. ढोलक, गिटार, डफली, वीस-पंचवीस जण, कानटोप्या घालून रात्री घरोघर. माझे पेशंट आता दारात उभे राहून वाट बघणारे यजमान झाले होते. हिंदी घरांत गुजिया आणि नमकपारे, मराठी घरांत करंज्या आणि चकल्या. जालन्याच्या मावशींच्या घरी मुलांनी दोन हिंदी गाणी म्हटली, मग पाळकसाहेब मला म्हणाले, "अब आप." मी आपलं मराठी भजन सुरू केलं, आणि दुसऱ्या ओळीपासून मावशींनी ते माझ्याकडून काढूनच घेतलं. एक कडवं मला येत नव्हतं, तेही त्यांना पाठ होतं. त्यांची नात बंगळूरहून सुटीला आली होती. आजी गाते हे तिला माहीतच नव्हतं. ती मोबाइल हातात धरून तशीच उभी राहिली, रेकॉर्ड करायचंही सुचलं नाही.

नाताळाच्या आदल्या आठवड्यात मंडळीतल्या दोन नर्सिंगच्या विद्यार्थिनी माझ्याबरोबर यायला लागल्या. त्यांना मी तीच रीत शिकवली: आधी ऐका, मग गप्प बसा, मग मोजा, मग चहा. निघताना वही आणि मशीन त्यांच्या हातात दिलं. त्या दर शनिवारी जातात. मला व्हॉट्सअॅपवर आकड्यांचे फोटो येतात आणि आजोबांच्या नावापुढे न चुकता लिहिलेलं असतं, "वाटी पाळली."

कोणाला असं जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. जाड स्वेटर, लोकरी मोजे आणि कानटोपी न्या, सकाळ-संध्याकाळ लागतात. शहरात फिरायला सिटी बस आणि ई-रिक्षा आहेत, आणि मॅजिक नावाच्या छोट्या गाड्या कुठेही हात दाखवला की थांबतात. उतरण्याचा चौक आधी सांगून ठेवा: पलासिया, रीगल, गीता भवन, ही नावं पाठ करा. आपल्या पाळकांचं पत्र न्या, त्याशिवाय निघू नका. बीपीचं मशीन दंडाला बांधायचं घ्या, मनगटाचं नको, आणि जाडजूड माणसांसाठी मोठा पट्टा वेगळा विकत घ्या, लहान पट्ट्याने आकडा खोटा वर येतो. आणि रोजच्या यादीत घरं कमी लिहा.